बार्शीची तपासणी, डहाणूची वाट

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि सोलापूर हे ते जिल्हे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळणार होते. कोणते उपचार, याची ९७१ नोंदींची यादी तयार होती. प्रत्येक नोंदीला क्रमांक, क्रमांकापुढे रक्कम. रुग्णालयानं क्रमांक टाकायचा, मंजुरी मागायची, उपचार करायचे आणि पैसे विमा कंपनीकडून घ्यायचे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी या यादीत बरंच काही होतं. शस्त्रक्रिया होती, किरणोपचार होते, केमोथेरपी होती. काहीच त्रास होत नसलेल्या बाईची तपासणी मात्र योजनेचा विषयच नव्हता. आणि या आठ जिल्ह्यांपैकी सोलापुरातल्या बार्शीनं तीनच वर्षं आधी साऱ्या जगाला दाखवून दिलं होतं की या रोगात बाई वाचते ती वेळेवर झालेल्या तपासणीनं.

हा कर्करोग एकाएकी होत नाही. तो ज्यामुळे होतो त्या मानवी पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, लागण झाली तरी बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हटवतं. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो. त्यांच्यातल्या थोड्या जणींच्या पेशी बदलू लागतात आणि त्या बदलाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं जातात. माणसाला इतकी सवड देणारे कर्करोग फार नाहीत. पण या सगळ्या काळात बाईला काही कळत नाही. पाळी नसताना रक्त जाणं, संबंधानंतर रक्त येणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वास येणारा स्राव ही लक्षणं दिसेपर्यंत रोग बहुतेकदा पुढे गेलेला असतो. शिवाय ही दुखणी घरात बोलायची नसतात. अंगावरून जातंय म्हणून बाई सहा-सहा महिने कडक वाळलेल्या कापडांवर काढते.

पेशी बदलताहेत हे आधीच ओळखायची साधनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागोमाग एक आली. १९२५ मध्ये जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी उजेड आणि भिंगं जोडलेलं एक यंत्र बनवलं. त्यातून गर्भाशयाचं तोंड कितीतरी पट मोठं दिसे. हाच कोल्पोस्कोप. तिथल्या पृष्ठभागावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावलं की बिघडलेला भाग पांढरा पडतो, हे त्याच वापरातून समजलं. व्हिएन्नात वॉल्टर शिलर यांनी आयोडीन लावून पाहिलं. निरोगी भाग गडद तपकिरी होई आणि बिघडलेला पिवळटच राही. अमेरिकेत जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्राउट यांनी १९४१ मध्ये पेशी खरवडून, काचेवर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत मांडली. तीच पॅप चाचणी. या पद्धतींचं मिळून तपासणीचं एक चक्र तयार झालं. पॅपमध्ये शंका आली तर कोल्पोस्कोपी, कोल्पोस्कोपीत डाग दिसला तर चिमट्यानं तुकडा, आणि तुकड्याचा अहवाल आला की उपचार. या चक्राला काच वाचणारा तंत्रज्ञ हवा, यंत्र हाताळणारा डॉक्टर हवा, तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्ट हवा. शिवाय बाईनं तीन-चार वेळा यायला हवं. श्रीमंत देशांना हे परवडलं.

परवडलं याचा अर्थ तिथे त्याचे पैसे देण्याची व्यवस्था उभी राहिली. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६६ मध्ये वैद्यकीय कामांच्या क्रमांकांचं पहिलं पुस्तक काढलं. पुढे हे क्रमांक पाच आकडी झाले. आज तिथल्या बिलात नुसत्या कोल्पोस्कोपीला ५७४५२ लागतो. तुकडा घेतला तर ५७४५५. गर्भाशयमुखाच्या आतली नळी खरवडली तर ५७४५६. दोन्ही केलं तर ५७४५४. तुकडा घेतल्यावर नुसत्या कोल्पोस्कोपीचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, कारण ती त्याच कामात धरलेली असते. तिथल्या डॉक्टरांच्या नोंदी वाचून हे आकडे भरण्याचं काम आज पुण्यात आणि नवी मुंबईत बसलेली तरुण मुलंमुली पगारावर करतात. आपल्या आईची अशी तपासणी कधी झाली का, हा प्रश्न त्यांतल्या कितीजणांच्या मनात येत असेल!

क्रमांक असला म्हणजे सगळं आलं असंही नाही. अमेरिकन काँग्रेसनं १९९० मध्ये कायदा करून गरीब, विमा नसलेल्या बायकांच्या स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीचा खर्च उचलला, पण रोग निघाला तर उपचाराचं काय, हे त्यात नव्हतं. उपचाराची वाट मोकळी करणारा कायदा यायला २००० साल उजाडलं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये झालं ते याच्या नेमकं उलट. इंग्लंडनं १९८८ मध्ये बायकांना नावानिशी पत्र पाठवून बोलावणं सुरू केलं आणि १९९० पासून आपल्या यादीतल्या ठरावीक प्रमाणात बायकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला वेगळे पैसे दिले. १९८८ मध्ये तिथल्या ४२ टक्के बायकांची तपासणी होत होती. १९९४ मध्ये ८५ टक्क्यांची होऊ लागली.

मुंबईत १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. १९६३ मध्ये मुंबईतल्या कर्करोग्यांची नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ही पहिली नोंदणी. खेड्यात काय चाललंय हे मात्र त्यातून समजत नव्हतं. ते समजायला लागलं बार्शीतून. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९८२ मध्ये नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सुरू केलं. अभिनेत्री नर्गिस आदल्याच वर्षी कर्करोगानं गेल्या होत्या. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथे सुरू झाली.

शहरातला नोंदणीवाला रुग्णालयांत जाऊन कागद तपासतो. परांड्याच्या खेड्यातली आजारी बाई रुग्णालयात पोचतच नसेल तर कागद कुठून येणार? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंचाला, शिक्षकाला, दाईला भेटले. कुणाच्या अंगावर जातंय, कुणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे, हे विचारलं, आणि विचारता विचारता लक्षणांची माहितीही दिली. काही वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. आर. एस. राव, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. यंत्र नाही, चाचणी नाही. नुसतं विचारल्यानं आणि सांगितल्यानं एवढा फरक पडला होता.

मग पुढचा प्रश्न आला. गावातल्या बाईची एकदाच तपासणी करायची तर कोणती करावी? पॅप, ॲसिटिक ॲसिड की विषाणूची चाचणी? हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी या कर्करोगात एचपीव्ही १६ सापडल्याचं १९८३ मध्ये दाखवलं होतं. तोवर त्या विषाणूची चाचणी बाजारातही आली होती, पण ती महाग होती. ॲसिटिक ॲसिडची पद्धत मात्र अगदी स्वस्त. हिन्सेलमानचं यंत्र बाजूला ठेवायचं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. बाईला टेबलावर झोपवून स्पेक्युलम घालायचं, उजेड धरायचा, कापसाच्या बोळ्यानं तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिड लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. तोंडाच्या कडेशी ठळक, काठ स्पष्ट असलेला पांढरा डाग उमटला तर शंका. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे ॲसिड. प्रशिक्षण घेतलेली नर्स हे करू शकते आणि निकाल बाई टेबलावरून उठायच्या आत सांगता येतो.

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, काम सुरू झालं. बार्शीच्या रुग्णालयासोबत टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. सहा वर्षांपूर्वीच्या किल्लारीच्या भूकंपातून हा भाग अजून सावरत होता. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात आल्या. ३४ हजार १२६ जणींच्या भागात एचपीव्ही चाचणी, ३२ हजार ५८ जणींच्या भागात पॅप, ३४ हजार ७४ जणींच्या भागात ॲसिटिक ॲसिड. उरलेल्या ३१ हजार ४८८ जणींच्या भागात तपासणी नाही, फक्त नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती.

कार्यकर्त्या घरोघर गेल्या. सासूला, नवऱ्याला समजावलं. खुरपणीचे दिवस, सण, पाळीचे दिवस सांभाळून बायकांना बोलावलं. तपासणीच्या तीन भागांत दर दहातल्या जवळजवळ आठ जणी आल्या. कधीही अशी तपासणी न पाहिलेल्या, पायाचं बोटही परक्यापुढे उघडं न टाकणाऱ्या बायका इतक्या संख्येनं टेबलावर झोपल्या, हे या अभ्यासाचं पहिलं यश आहे आणि निकालाच्या आकड्यांपुढे ते झाकोळून जातं. खेड्यातल्या बायकाच येत नाहीत, ही तक्रार आजही सरकारी बैठकांत ऐकू येते. उस्मानाबादचा अनुभव तिला पुरेसं उत्तर आहे. नीट बोलावलं, बाईनंच बाईला तपासलं, तर बायका येतात.

२ एप्रिल २००९ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननं आठ वर्षांचा निकाल छापला. डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. जयंत आणि सहकाऱ्यांचा तो लेख होता. तपासणी नसलेल्या भागात या कर्करोगानं ६४ बायका गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४. पुढच्या टप्प्यातले कर्करोग तिकडे ८२, इकडे ३९. एकदाच केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या भागांत असा ठोस फरक दिसला नाही. आणखी एक आकडा कार्यक्रम आखणाऱ्यांच्या फार उपयोगाचा होता. चाचणीत काही न निघालेल्या बायकांमध्ये पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण एचपीव्हीच्या भागात लाखात ३.७ होतं, तर उरलेल्या दोन्ही पद्धतींत १५ ते १६. म्हणजे एचपीव्हीनं निर्धोक ठरवलेल्या बाईला बरीच वर्षं पुन्हा बोलवायला नको. त्याच अंकातल्या संपादकीयाचा रोख असा होता की भारतातून जगाला चांगला मार्ग मिळाला आहे.

त्या ६४ बायकांचा प्रश्न मात्र मिटला नाही. पॅपचा उपयोग जगाला पन्नास वर्षं ठाऊक असताना तीस हजारांवर बायकांना तपासणीशिवाय ठेवून मृत्यू मोजणं योग्य होतं का? उस्मानाबादच्या आणि मुंबई व तमिळनाडूतल्या दिंडिगुळ इथल्या अशाच अभ्यासांवर या मुद्द्यावरून भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात कडक टीका झाली. मुंबईच्या अभ्यासात बायकांकडून घेतलेली संमती अपुरी होती, असा ठपका अमेरिकन सरकारच्या संशोधन-संरक्षण कार्यालयानंही ठेवला. संशोधकांचं म्हणणं असं की त्या जिल्ह्यांत एरवी कुठल्याच बाईची तपासणी होत नव्हती, आणि आकडे हातात नसते तर सरकारनं एक पैसाही खर्च केला नसता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण टीकाकारांना खोटं ठरवण्याचा एकच प्रामाणिक मार्ग होता: निकाल हाती आल्यावर तपासणी ताबडतोब गावोगाव पोचवणं.

मुंबईच्या अभ्यासानं तर पैशाचीही सबब ठेवली नव्हती. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडवस्त्यांतल्या दीड लाख बायकांचे दोन भाग केले. एका भागात जेमतेम दहावी झालेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, ॲसिटिक ॲसिडची तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये डॉ. शास्त्रींनी शिकागोच्या परिषदेत हे मांडलं. उस्मानाबादला एका फेरीत जे जमलं नव्हतं ते मुंबईत चार फेऱ्यांत जमलं. दिंडिगुळलाही ॲसिटिक ॲसिडनं मृत्यू घटलेच होते. साधन साधं असेल तर ते पुन्हा पुन्हा वापरावं लागतं आणि वापरणारीवर सतत लक्ष ठेवावं लागतं, एवढाच याचा अर्थ.

अशा वेळी जीवनदायी योजना आली. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सगळ्या राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असं तिचं नामांतर झालं आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. तिनं हजारो कर्करोग्यांना सावकाराच्या दारातून परत आणलं, हे मान्य करायलाच हवं. पण तिचा हिशेब रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णापासून सुरू होतो. ओपीडीतली तपासणी त्यात बसत नाही. आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार कार्ड दिलं की नोंद होते. डॉक्टर पॅकेज निवडतात, मंजुरीसाठी कागद चढवतात, आणि कर्करोगाच्या पॅकेजसाठी त्यात तुकड्याचा अहवाल लागतोच. म्हणजे योजनेचं दार उघडणारा कागद जिथे तयार होतो ती पायरी बाईनं आपली आपण चढून यायची. सरकारी रुग्णालयात ही पायरी मोफत असते खरी. पण तिथे कोल्पोस्कोप आहे का, तो वापरणारा डॉक्टर आज आहे का, तुकडा कुठल्या प्रयोगशाळेत जाणार आणि अहवाल कधी येणार, यावर सगळं अवलंबून. दाव्याचे पैसे मिळत नसलेलं काम कुठल्याही रुग्णालयात मागे पडतं.

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी सांगितलं की कॅन्सर होईल म्हणून पिशवी काढायला लावली. बहुतेक शस्त्रक्रिया खासगीत, पदरच्या किंवा उचलीच्या पैशानं झाल्या होत्या. बीडला लागूनच उस्मानाबाद. एका जिल्ह्यात एका चाचणीनं काय साधतं हे सिद्ध झालेलं, आणि शेजारच्या जिल्ह्यात तीच शंका दूर करायला पोट फाडलेलं.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीचा आराखडा काढला. वय ३० ते ६५, दर पाच वर्षांनी, गर्भाशयमुखासाठी ॲसिटिक ॲसिड. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, अशी तपासणी आयुष्यात कधी झाली का? देशभरात १.९ टक्के जणी हो म्हणाल्या. ग्रामीण भागात १.७. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख २७ हजारांवर बायकांना हा रोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्यानं जातात.

बार्शीनं दरम्यान आणखी एक भर घातली. २००९ मध्ये एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायला देशातल्या काही केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींना लस देणं सुरू झालं. त्यात बार्शी होती. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारनं अभ्यासांतल्या सगळ्या एचपीव्ही लसीकरणाला स्थगिती दिली. त्यामुळे जवळजवळ पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये दाखवलं की विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनंही ९५ टक्के संरक्षण मिळतं. एक डोस पुरेसा ठरू शकतो, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची भूमिका ज्या पुराव्यांवर उभी आहे त्यांत हा एक आहे.

आता पालघर जिल्ह्यातलं डहाणू. शेजारच्या तलासरीसह हा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. जीवनदायी योजना इथे आली तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. मसोलीसारख्या डहाणू शहरालगतच्या वस्तीतल्या बाईला उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. डोंगरपट्टीतल्या पाड्यावरच्या वारली बाईला तिथे यायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. तलासरीकडची माणसं वापी आणि सिल्वासाची वाट धरतात. किरणोपचारासाठी परळ गाठायचं तर डहाणू रोडहून रेल्वेनं शंभरावर किलोमीटर. रुग्णालयात आजाराचं वर्णन मराठीत विचारतात, आणि घरात वारली बोलणाऱ्या बाईला त्या जागेचं नाव परक्या माणसापुढे कोणत्याच भाषेत घ्यायचं नसतं.

तरी इथे पाया घातलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मुंबईतल्या प्रजनन आरोग्य संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूला आहे. या आदिवासी तालुक्यात सरकारी दवाखान्यांमार्फतच तीन कर्करोगांची तपासणी उभी करण्याचं काम संस्थेच्या संशोधकांनी केलेलं आहे. आशाताई घरोघर फिरून तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. त्यात पाळी नसताना रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, घाण वासाचा स्राव आहे का, असे थेट प्रश्न आहेत. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी परांड्यात विचारले ते हेच. राष्ट्रीय कार्यक्रमात एका फॉर्मला दहा रुपये ठरले आहेत.

फॉर्मला दर आहे. परळच्या किरणोपचारालाही दर आहे. मधली वाट तशीच पडली आहे. पांढरा डाग दिसलेल्या बाईला पाड्यावरून आणायचा गाडीखर्च, तिची बुडालेली मजुरी, उपजिल्हा रुग्णालयातली कोल्पोस्कोपी, चिमट्यानं घेतलेला तुकडा, पंधरा दिवसांच्या आत त्याचा अहवाल, आणि डाग छोटा असेल तर त्याच बैठकीत तो गोठवून टाकणं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते आणि त्या चाचणीचा नमुना बाईला घरी, आडोशाला, स्वतःचा स्वतः घेता येतो. डहाणूच्या पाड्यांसाठी याहून सोयीची पद्धत नाही. जनआरोग्य योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीनं या कामांना आपल्या यादीत क्रमांक आणि रक्कम द्यावी, दाखल होण्याची अट न घालता द्यावी, आणि सुरुवात अनुसूचित तालुक्यांपासून करावी. त्यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही. लागणारे आकडे उस्मानाबादच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांनी २००९ मध्येच देऊन ठेवले आहेत.